घरच्या गॅरेजात सुपरचार्जर : आधी हिशेब, मग पाना

सुपरचार्जर हा शब्द ऐकला की आज बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर टेस्लाच्या गाड्या चार्ज करायचे हायवेकडेचे खांब येतील. या लेखातला सुपरचार्जर तो नव्हे. हा त्याच्यापेक्षा फार जुना, पेट्रोलच्या इंजिनावर बसणारा आणि इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंप आहे. तो तयार किट म्हणून विकत मिळतो, मोठमोठ्या खोक्यांतून घरपोच येतो, आणि आपल्याच गॅरेजात दोन शनिवार-रविवारी तो बसवता येईल अशी पंचविशीच्या तरुणांची व्हिडिओ पाहून खात्री पटते.

आरोग्य आणि अर्थ या पानावर हा विषय कसा, असे कोणी विचारील. खर्च दहा हजार डॉलरच्या आसपास, धोका हातापायांना आणि इंजिनाला, आणि गाडीची कागदपत्रे बहुधा वडिलांच्या नावावर. आरोग्य आणि अर्थ म्हणजे याहून वेगळे काय असते? गेल्या दोन वर्षांत तीन मराठी घरांतून मला हाच प्रश्न विचारला गेला. आमचा डेट्रॉईटचा परिसर मोटारींचा. इथे निम्मी मराठी मंडळी या ना त्या मोटार कंपनीत किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात. त्यामुळे पाना हातात धरायची भीती कोणाला नाही. पण पाना धरता येणे आणि निर्णय घेता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीन घरांपैकी तिसरे घर माझ्या धाकट्या बहिणीचे. तिचा फोन आला, "दादा, हा गाडीला काहीतरी चार्जर बसवतो म्हणतोय. वीजवाल्याला नको का बोलवायला?" मी तिला तो चार्जर हा नव्हे असे समजावले, तेव्हा तिची काळजी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. भाचा सव्वीस वर्षांचा, नोकरी सॉफ्टवेअरची, पण जीव गाडीत. गाडी २०१६ सालची फोर्ड मस्टँग जीटी, पाच लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, मीटरवर ६१ हजार मैल. कंपनीकडून आली तेव्हा तिची ताकद ४३५ हॉर्सपॉवर होती. ती त्याला पुरत नाही! आमच्या चेतकची ताकद किती होती ते मी त्याला सांगितले नाही, त्याने विश्वास ठेवला नसता.

मी पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्समध्ये इंजिन टेस्टिंगला होतो आणि इथे आल्यावरही आयुष्य डायनोमीटरच्या खोलीतच गेले. तेव्हा दाबाखालची हवा इंजिनाचे काय भले-बुरे करते हे थोडेफार पाहिलेले आहे. ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा पैशाचा हिशेब त्यावरच उभा आहे.

इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. सिलिंडरमध्ये जितकी हवा मावेल तितक्याच प्रमाणात पेट्रोल जाळता येते. समुद्रसपाटीला हवेचा दाब प्रत्येक चौरस इंचाला १४.७ पौंड असतो आणि साधे इंजिन तेवढ्यावरच भागवते. सुपरचार्जर इंजिनाच्याच क्रँकशाफ्टवरच्या पुलीवरून बेल्टने फिरतो आणि त्या दाबात भर घालतो. टर्बोचार्जर हे काम सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर करतो. दोघांतला मुख्य फरक एवढाच. या पंपाचा मूळपुरुष इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावचा. तिथे लोकरीची गिरणी चालवणाऱ्या रूट्स बंधूंनी १८६० साली त्याचे पेटंट घेतले, तेव्हा मोटारगाडी जन्मायची होती. आपल्यापैकी काहींच्या घरी नव्वदीच्या दशकात ब्युइक पार्क अॅव्हेन्यू अल्ट्रा किंवा पॉन्टिअॅक बॉनव्हिल होती. त्यांपैकी काही गाड्यांना कंपनीनेच सुपरचार्जर बसवलेला असे, आणि मंडळाच्या दिवाळीला श्रीखंडाचे डबे घेऊन येताना आपण त्यातून येत होतो हे कोणाच्या गावीही नव्हते.

आता समजा किटने दाबात आठ पौंडांची भर घातली. १४.७ चे २२.७ झाले, म्हणजे दीडपटीहून थोडे जास्त. मग ताकदही दीडपट? इथेच गोम आहे. सायकलला हवा भरताना पंप खालच्या बाजूला गरम होतो हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तसेच इथे होते. पंचवीस अंश सेल्सियसची हवा इतकी दाबली की ती सहज नव्वद अंशांच्या आसपास जाते. गरम हवा विरळ होते, त्यामुळे अर्धा फायदा तिथेच जातो. आणि त्याहून वाईट म्हणजे ती सिलिंडरमधल्या मिश्रणाला ठिणगी पडायच्या आधीच किंवा ठिणगीनंतर भलतीकडेच पेटायला उद्युक्त करते. यालाच नॉकिंग म्हणतात. म्हणून चांगल्या किटमध्ये इंटरकूलर असतो, तो हवा पुन्हा चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत खाली आणतो.

नॉकिंग ही ऐकायला किरकोळ गोष्ट वाटते. डायनोच्या खोलीत जाड काचेपलीकडे उभे राहून मी ती अनेकदा ऐकली आहे. मूठभर खडे पत्र्याच्या डब्यात हलवल्यासारखा आवाज येतो. पूर्ण भारावर तो काही सेकंद चालू राहिला तर पिस्टनच्या कडा तुटतात, रिंगा जातात, कधी पिस्टनला भोक पडते. भाच्याच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन ११ ला १ आहे. साध्या हवेसाठी ते उत्तम. पण सुपरचार्जरसाठी मुद्दाम बनवलेल्या इंजिनांत ते पूर्वीपासून बरेच कमी ठेवत आले आहेत. याचा अर्थ या इंजिनावर ब्लोअर बसत नाही असा नाही. हजारोंनी बसवले आहेत. अर्थ एवढाच की चुकीला जागा कमी. पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कधी टाकायची, हे सांगणारा संगणकातला प्रोग्रॅम जर बरोबर नसेल तर बाकी सगळे नटबोल्ट कितीही सुबक आवळले असले तरी उपयोग नाही.

म्हणून मी भाच्याला पहिल्याच दिवशी सांगितले, "काम दोन आहेत. एक पान्याचं आणि एक प्रोग्रॅमचं. पान्याचं काम तू करू शकशील."

तो म्हणाला, "मामा, प्रोग्रॅम तर किटबरोबरच येतो. एक छोटं यंत्र जोडायचं आणि अपलोड करायचं. माझा तर धंदाच तो आहे."

त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. नामांकित किटबरोबर येणारा प्रोग्रॅम निर्मात्याने महिनोन्महिने तपासलेला असतो. पण तो तपासलेला असतो कंपनीतून आली तशा गाडीवर. तुमच्या गाडीला आधीच्या मालकाने वेगळा सायलेन्सर, वेगळा एअर फिल्टर बसवला असेल, पेट्रोलचा पंप थकलेला असेल, एखादा इंजेक्टर अर्धवट चोंदलेला असेल, तर तो प्रोग्रॅम तुमच्या गाडीला लागू पडेलच असे नाही. म्हणून किट बसल्यावर गाडी डायनोवर चढवून, हवा-पेट्रोलचे प्रमाण आणि नॉक सेन्सर काय सांगतो ते पाहून घ्यायला हवे. साधारण चालीत हे प्रमाण १४.७ ला १ असते (हवेच्या दाबाचा आकडाही तोच, हा निव्वळ योगायोग), पण ब्लोअर जोरात असताना ते साडेअकरा-बाराच्या आसपास, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवावे लागते. ही तपासणी रस्त्यावर करायची नसते. सॉफ्टवेअरच्या माणसाला मी एवढेच म्हणालो की तुमच्याकडे प्रोग्रॅम कोसळला तर पुन्हा सुरू करता. इथे तो एकदाच कोसळतो.

पान्याच्या कामाबद्दल मात्र माझे मत इतरांपेक्षा सौम्य आहे. ते अवघड नाही, चिकाटीचे आहे. इंजिनावरचा प्लॅस्टिकचा इंटेक मॅनिफोल्ड काढायचा, त्या जागी ब्लोअर आणि त्याचा मॅनिफोल्ड बसवायचा, नवे इंजेक्टर, पुढचा बंपर काढून इंटरकूलरचा रेडिएटर, त्याला पाणी फिरवणारा विजेवरचा छोटा पंप, नळ्या, वायरी, लांब बेल्ट. सरावलेल्या मेकॅनिकला पंधरा ते वीस तास; घरी पहिल्यांदा करणाऱ्याने दुप्पट धरावेत. टॉर्क रेंच हवाच, अंदाजाने आवळणे नाही. काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात, आवळताना ते ताणले जातात आणि पुन्हा घातले तर धरत नाहीत. ते जुने परत घालून दहा डॉलर वाचवू नयेत. इंटेक काढल्यावर इंजिनाला आठ उघडी तोंडे दिसतात. त्यांत एखादा नट पडला तर कथा तिथेच संपते. आपल्या मंडळात सर्जन मंडळी पुष्कळ आहेत, त्यांना हे सांगायला नको. आठ बोळे घातले तर आठ मोजून बाहेर काढायचे.

आता पैसे. या गाडीसाठी बऱ्या किटची किंमत सात ते नऊ हजार डॉलरच्या दरम्यान पडते. आपण साडेआठ धरू. भाच्याने स्वतःच्या वहीत तेवढाच आकडा लिहिला होता, आणि दुकानात बसवून घेतले तर तासाला दीडशे डॉलरप्रमाणे आणखी अडीच-तीन हजार मजुरी, ती घरी काम केल्याने वाचते, असा त्याचा युक्तिवाद. हिशेब बरोबर, पण वही अपुरी. मी तिच्यात आणखी ओळी घातल्या. डायनोची तपासणी, सहाशे ते हजार. मूळचा क्लच ४३५ हॉर्सपॉवरसाठी बनवलेला आहे, त्यावर सहाशेच्या वर ताकद आली की तो घसरायला फार वेळ लागत नाही. नवा क्लच आणि त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवणे हे घरी जमिनीवर पडून करायचे काम मी माझ्या शत्रूलाही सांगणार नाही. मागचे टायर. त्या सालच्या या इंजिनात ऑइल पंपाचे गिअर भुकटी दाबून केलेल्या धातूचे आहेत, आणि वाढीव ताकदीवर वरच्या वेगात ते तुटल्याची उदाहरणे या छंदातल्या लोकांना चांगली माहीत आहेत. भाग काही शेकड्यांचे, पण तिथवर पोहोचायला इंजिनाची पुढची बाजू सगळी उघडावी लागते. पेट्रोल कायम ९१ ऑक्टेन किंवा त्यावरचे. वर्षाला पाच हजार मैल गाडी फिरली तरी तीनशेएक गॅलन, म्हणजे साध्या पेट्रोलपेक्षा दोन-तीनशे डॉलर दरवर्षी जास्त.

हे सगळे मिळून आकडा बारा-तेरा हजारांवर गेला. तरीही खरी ओळ अजून राहिलीच होती. ती मी वहीच्या तळाशी मोठ्या अक्षरात लिहिली. इंजिन. या जातीचे नवे कोरे इंजिन घ्यायचे तर दहा हजार डॉलरच्या आसपास जातात, बसवणे वेगळे. दुकानाने ब्लोअर बसवला आणि त्यांच्या हातून काही राहिले तर निदान भांडायला समोर कोणीतरी असते, काही दुकाने कामाची लेखी हमीही देतात. घरी बसवला तर भांडायचे कोणाशी? म्हणजे घरी बसवून वाचणारे अडीच-तीन हजार ही निव्वळ बचत नव्हे. दहा हजारांच्या इंजिनाचा विमा आपणच उतरवला आणि त्याचा हप्ता म्हणून आपल्याला अडीच हजार मिळाले, असा तो व्यवहार आहे. विमा उतरवणाऱ्याकडे नुकसान भरायला पैसे असले पाहिजेत. तेव्हा माझा निकष किटच्या किमतीचा नाही. किटचे पैसे हातात आहेत का हे मी विचारतच नाही. गाडीचे कर्ज फिटले आहे का, कामावर जायला दुसरी गाडी आहे का, आणि इंजिनाचे दहा हजार वेगळ्या खात्यात पडून आहेत का, एवढे विचारतो. तिन्हींची उत्तरे होय असतील तर खुशाल पाना उचलावा.

पहिल्या घरातल्या मुलाने किट क्रेडिट कार्डावर घेतले होते. व्याज २२ टक्के. नऊ हजार डॉलर, महिन्याला तीनशेप्रमाणे फेड. मी कॅल्क्युलेटरवर दाखवले की असे हे कर्ज ४४ महिने चालेल आणि व्याजापोटीच ४,२०० डॉलर जातील. आणि समजा सत्तावीसाव्या महिन्यात पिस्टन गेला, तर बंद गाडीचे हप्ते भरणे आले. दुसरी बाजूही मी भाच्याला सांगितली. २०२५ सालच्या मर्यादेप्रमाणे रॉथ आयआरए खात्यात ७,००० डॉलर टाकता येत होते. तेवढी रक्कम सात टक्के सरासरी वाढीने चाळीस वर्षे राहिली तर एक लाखाच्या पुढे जाते. तो शांतपणे म्हणाला, "मामा, सहासष्टाव्या वर्षी मला क्लच दाबता येईल का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर मला ते उत्तर आवडले. पैसा केवळ साठवण्यासाठी असतो असे मी मानत नाही. मात्र तो त्या वर्षीचे रॉथचे पैसे भरून झाल्यावरच किटकडे वळला होता, हे नंतर बहिणीकडून कळले.

वॉरंटीबद्दल लोकांत दोन टोकांचे समज आहेत. एक, बाहेरचा भाग बसवला की सगळी वॉरंटी रद्द. दोन, कायदा आपल्या बाजूने आहे, कंपनी काही करू शकत नाही. दोन्ही चूक. १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा असे सांगतो की केवळ बाहेरचा भाग लावला म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे दाखवावे लागते. (मॅग्नुसन नावाचे सुपरचार्जरही बाजारात आहेत. त्यांचा या कायद्याशी संबंध नाही. तो वॉशिंग्टन राज्याच्या सिनेटरच्या नावाचा.) तेव्हा ब्लोअर लावला म्हणून खिडकीची मोटर बदलून द्यायला नकार देता येणार नाही. पण पिस्टन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल यांच्या बाबतीत ब्लोअरकडे बोट दाखवणे त्यांना अगदीच सोपे आहे. काही किट-निर्माते प्रमाणित मेकॅनिकने बसवल्यास स्वतःची मर्यादित वॉरंटी देतात, घरी बसवल्यास ती बहुधा मिळत नाही. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत. भाच्याच्या गाडीची फोर्डची पाच वर्षे किंवा ६० हजार मैलांची पॉवरट्रेन वॉरंटी दोन्ही अंगांनी संपली होती, त्यामुळे त्याला हरवायला काही नव्हते. दोन वर्षांच्या नव्या गाडीवर मात्र मी हा उद्योग घरी करू नये असेच म्हणेन. आणि लीजची गाडी असेल तर विषयच नको, ती आपली नाहीच.

इन्शुरन्सकडे बहुतेक घरांचे लक्ष जात नाही. आपल्याकडे सवलत मिळते म्हणून मुलाची गाडी आई-वडिलांच्या पॉलिसीवर आणि पुष्कळदा त्यांच्याच नावावर असते. आमच्या मेहुण्यांचेही तसेच होते. मिशिगनच्या कायद्यात गाडी आपल्या परवानगीने चालवणाऱ्याच्या हलगर्जीपणाची जबाबदारी मालकावरही येते. म्हणजे २२० हॉर्सपॉवरची वाढ मुलाला आणि तिचे उत्तरदायित्व बापाला! शिवाय नेहमीच्या पॉलिसीत बाहेरून बसवलेल्या भागांना संरक्षण नसते, किंवा फार थोड्या रकमेचे असते. ते वेगळे विकत घ्यावे लागते. आणि बदल लपवून ठेवला तर अपघातानंतर कंपनी तोच मुद्दा काढते. एजंटला फोन करून नव्हे, पत्र किंवा ईमेल लिहून विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या वाचकांसाठी आणखी एक. तिथे हवेच्या प्रदूषणाचे मंडळ, ज्याला सगळे कार्ब म्हणतात, प्रत्येक मान्य किटला एक आदेश-क्रमांक देते. तो ज्या किटला नाही ते किट स्मॉग तपासणीत नापास. जुलै २०२१ पासून तपासणीच्या वेळी गाडीच्या संगणकातला प्रोग्रॅम मान्यताप्राप्त आहे का हेही यंत्र बघते. माझ्या दुसऱ्या प्रश्नकर्त्याचे घर बे एरियात. मुलाने वापरलेले किट स्वस्तात घेतले, घरीच सुंदर बसवले, गाडी पळालीही. पण क्रमांक नाही. मूळचे भाग फेकले नव्हते हे नशीब. सगळे उतरवून पुन्हा पहिल्यासारखे करेपर्यंत दोन महिने गेले, आणि स्मॉगच्या दाखल्याशिवाय गाडी विकताही येईना. मिशिगनमध्ये अशी तपासणी नाही. तरी देशभर लागू असलेला क्लीन एअर अॅक्ट प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकायला मनाई करतोच. घ्यायचेच तर क्रमांक असलेले किट घ्यावे, उद्या नोकरी सॅन होजेला लागली तर?

आता शरीराची गोष्ट. इथे हौशी माणसे हिवाळ्यात काम काढतात, कारण तेव्हा गाडी उभीच असते. गॅरेज बंद, बाहेर वजा दहा, आत केरोसीनचा किंवा प्रोपेनचा ज्वाळेचा हीटर, आणि त्याच खोलीत पेट्रोलची नळी सोडवायची! फ्युएल रेलमध्ये गाडी बंद असली तरी दाब राहतो, तो आधी सोडवला नाही तर पेट्रोलची चिळकांडी उडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते आणि ज्वाळेपर्यंत आपणहून चालत जाते. हे काम मे महिन्यात, दार सताड उघडे ठेवून, बॅटरीची तार काढून आणि पेट्रोलच्या आगीला चालणारे अग्निशामक हाताशी ठेवून करावे. इंजिन पहिल्यांदा सुरू करायचे ते गाडी ढकलत बाहेर ड्राइव्हवेवर नेऊन. घराला जोडलेल्या गॅरेजात, दार उघडे असले तरी, कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो आणि त्याला वास नसतो. गाडीखाली जायचे असेल तर केवळ जॅकवर कधीही नाही, सपाट फरशीवर चांगले जॅक स्टँड लावून, एकदा जोरात हलवून पाहून. आणि पाठ! ब्लोअर मॅनिफोल्डसकट दोन माणसांनी उचलायचे ओझे आहे. तेसुद्धा बंपरवरून पुढे वाकून, हात लांब करून. कमरेला हीच अवस्था सगळ्यात वाईट. इंजिन उचलायची घोडी भाड्याने मिळते. फिजिओथेरपीपेक्षा ती स्वस्त.

किट मागवायच्या आधी एक गोष्ट करावी असा मी हट्ट धरला. इंजिन मुळात निरोगी आहे का ते तपासणे. प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून किती टक्के गळते ते मोजतात, तिला लीक-डाऊन टेस्ट म्हणतात. साधारण दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, वीसच्या पुढे गेले तर त्या इंजिनावर ब्लोअरचा विचार सोडून द्यावा. एका रविवारी दुपारी आम्ही दोघांनी बहिणीच्या गॅरेजात आठही प्लग काढले. बहीण आतल्या दारात चहा घेऊन उभी होती. इंजिन नापास व्हावे अशी तिची मनोमन इच्छा होती, ती तिने लपवलीही नाही. पहिला सिलिंडर सहा टक्के, दुसरा आठ, तिसरा सात. आठवा सिलिंडर झाला तेव्हाही आकडा दहाच्या आत. भाचा खूश. बहीण कप उचलून आत निघून गेली.

जेवताना वही पुन्हा उघडली. या वेळी मेहुणेही बसले. गाडी भाच्याच्या एकट्याच्या नावावर करायची आणि पॉलिसी वेगळी काढायची हे त्यांनीच सुचवले. हप्ता चांगलाच वाढतो हे ऐकून भाच्याचा चेहरा जरा उतरला, पण तो नाही म्हणाला नाही. कर्जाचे पाच हप्ते बाकी होते. इंजिनाच्या खात्यात तेव्हा शून्य.

ही गोष्ट गेल्या ऑक्टोबरातली. आता कर्ज फिटले आहे, गाडी त्याच्या नावावर आहे, आणि एजंटचे लेखी उत्तर वहीला टाचलेले आहे. इंजिनाच्या खात्यात ३,८०० डॉलर जमले आहेत. महिन्याला सहाशे टाकतो, म्हणजे आणखी दहा-अकरा महिने. किट अजून मागवलेले नाही. मधल्या काळात तो क्लच बदलायच्या गोष्टी करतो आणि बहीण त्याच्यासाठी मुली बघायच्या. यांपैकी आधी काय होईल ते मी सांगू शकत नाही.

लीक-डाऊन टेस्टचे उपकरण माझ्याकडे आहे. कोणाला हवे असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला मला गाठावे. घेऊन जावे, सोबत चहा मिळाला तर मीही येईन. परत मात्र आणावे.